माळेगावची वाट : हलकी गाडी की भारी?

मार्गशीर्षाचा वद्य पक्ष जवळ आला की चाकूरच्या माझ्या दवाखान्यात एक ठरावीक दृश्य दिसू लागते. ऐंशीच्या घरातले एखादे आजोबा, डोक्याला पटका, अंगावर शाल. सोबत पन्नाशीला टेकलेला मुलगा. "साहेब, आबाला यंदा माळेगावला न्यावं म्हणतोय. जरा बघा बरं, झेपंल का?" मी रक्तदाब पाहतो, पायांवरची सूज बोटाने दाबून पाहतो, छाती ऐकतो, गोळ्यांची चिठ्ठी पुन्हा लिहून देतो. दोघे उठतात आणि मुलगा दारातून वळून विचारतो, "मग छोटा हत्ती सांगू, का पिकअप?"

पुष्कळ वर्षे या दुसऱ्या प्रश्नावर मी हसून म्हणत असे, "ते तुमचं तुम्ही बघा, मी गाड्यांचा डॉक्टर नाही." आता तसे म्हणत नाही. त्या प्रश्नाचे उत्तर मी एकदा माझ्याच घरात चुकीचे दिले, आणि त्याची किंमत माझ्या आईच्या पाठीच्या कण्याने मोजली. आपल्या घरातही कोणी वयोवृद्ध असतील आणि त्यांना देवाला, लग्नाला, गावी किंवा दवाखान्यात न्यायचे असेल, तर ही हकीगत आपल्यासाठी आहे.

आधी वाट सांगतो. चाकूर हे लातूर जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. शिवराज पाटील चाकूरकर यांच्या आडनावामुळे महाराष्ट्राने ऐकलेले आणि सीमा सुरक्षा दलाच्या प्रशिक्षण केंद्रामुळे देशभरातील जवानांनी पाहिलेले. तालुक्यातच वडवळ नागनाथचे संजीवनी बेट आहे. तेथील औषधी वनस्पतींसाठी पावसाळ्यात लोक दुरून येतात. माझे काही रुग्णही माझ्या गोळ्यांना न सांगता सुटी देऊन तेथे जाऊन येतात, पण तो विषय निराळा. गावावरून जाणारा रस्ता म्हणजे तुळजापूरहून लातूर, अहमदपूर, लोहा, नांदेड करीत नागपूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ३६१. नांदेडच्या दिशेने निघालो की शिरूर ताजबंद लागते, मग अहमदपूर, आणि पुढे नांदेड जिल्ह्याच्या लोहा तालुक्यात शिरले की माळेगाव. सगळे अंतर पन्नास-साठ किलोमीटरांचे. बालाघाटाच्या पठारावरचा हा भाग सपाट वाटतो, पण सपाट नाही. चढ आणि उतार सावकाश येतात, आणि भरलेल्या गाडीलाच ते कळतात.

माळेगावचा खंडोबा हा आमच्या भागाचा देव. मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला पालखी निघते आणि यात्रा भरते. घोडे, गाढवे, उंट यांचा बाजार, कुस्त्या, तमाशाचे फड, भंडाऱ्याने पिवळी झालेली माती. दुसऱ्या दिवशी अमावस्या, म्हणजे आमची येळवस. कडब्याच्या कोपीत लक्ष्मीची पूजा, आंबील, भज्जी आणि उंडे, आणि सारा गाव शेतात. पूर्वी लोक बैलगाडीने माळेगावला जात. वाटेत मुक्काम करीत आणि यात्रेत गाडीखालीच संसार मांडीत. बैलगाड्या जवळजवळ गेल्या, संसार मात्र राहिला. आता तो ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत असतो. ट्रॉलीवर बांबूच्या कमानी, त्यांवर ताडपत्री, खाली कडब्याचा जाड थर, त्यावर गोधड्या. कोपऱ्यात शेगडी, पाण्याचा ड्रम, कंदिलाच्या जागी बॅटरीवरचा दिवा. तीन-चार रात्री कुटुंब त्यात राहते. ज्यांच्याकडे ट्रॅक्टर नाही, ते छोटा हत्ती किंवा पिकअप भाड्याने घेऊन तीच सोय करतात.

छोटा हत्ती म्हणजे टाटांची एस ही लहान चारचाकी. ती २००५ साली बाजारात आली आणि गावोगावी याच नावाने ओळखली जाऊ लागली. ती साधारण पाऊण टन माल वाहते. पिकअप म्हणजे तिची थोरली बहीण. प्रकाराप्रमाणे सव्वा ते पावणेदोन टन माल वाहणारी, उंच, दणकट, मागे पोलादी पाट्यांच्या जाड स्प्रिंगा असलेली. माणसांना दोघींमधला फरक एवढाच दिसतो की एक लहान आणि स्वस्त, दुसरी मोठी आणि भक्कम.

मलाही तेवढाच दिसला होता. अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. आई तेव्हा बहात्तर वर्षांची. रक्तदाबाची एक गोळी सोडली तर तिला कसलीही तक्रार नव्हती. घरच्यांनी छोटा हत्ती सांगितला होता. मी तो रद्द केला. गणित मांडूनच केला. चौदा माणसे, सरासरी पंचावन्न किलो, म्हणजे ७७० किलो. माणसांतच गाडी भरली. वर अंथरुणे, भांडी, धान्य. उतारावर असल्या लहान गाडीला ब्रेक कसे पुरणार? हे गणित बरोबर होते, आजही बरोबर आहे. मी मोठ्या रुबाबात म्हणालो, "भारी गाडी सांगा. पैसे मी देतो." दीड टनाची पिकअप आली. सामान आदल्या दिवशीच चुलत्यांच्या ट्रॉलीतून पुढे गेले होते, पुरुष मंडळी मोटारसायकलींवर निघाली. पिकअपच्या हौद्यात बायका आणि मुले मिळून नऊ जण बसली. वजन चारशे किलोच्या आसपास. मी डॉक्टर म्हणून मान मिळाला, केबिनमध्ये चालकाशेजारी. आईला पुढे बसण्याचा आग्रह केला, पण तिला जावांबरोबर गाणी म्हणायची होती. ती सगळ्यांत मागे, फाळक्याला टेकून, पायांवर घोंगडी घेऊन बसली. तेथून रस्ता दिसतो म्हणाली. मी फारसा आग्रह केला नाही, हेही खरे.

शिरूर ताजबंद मागे पडल्यावर एका वस्तीपाशी गतिरोधक आला. पांढरे पट्टे पुसलेले होते. चालकाने ब्रेक लावला, पण थोडा उशिरा. केबिनमध्ये मला एक हिसका बसला, इतकेच. मागून मुलांच्या हसण्याचा आवाज आला. अहमदपूरला चहासाठी थांबलो तेव्हा आई उतरली नाही. "काही नाही रे, कंबर जरा भरून आली." मी खिशातली वेदनाशामक गोळी दिली. दर्शन झाले. ती रांगेत उभी राहिली, भंडारा उधळला, ट्रॉलीत दोन रात्री झोपली. कुशीवर वळताना तिच्या तोंडून आवाज निघत होता आणि तो मी ऐकत होतो. तिसऱ्या दिवशी परत आल्यावर एक्स-रे काढला. कमरेचा पहिला मणका पुढच्या बाजूने पाचरीसारखा चेपलेला होता.

हाच रुग्ण दुसऱ्याच्या घरचा असता तर मी पहिल्या तासात ओळखले असते. नोकरीत असताना बसच्या मागच्या बाकावर बसून गतिरोधकावर उडालेल्या कितीतरी बायांचे असे मणके मी पाहिले होते. पण आईच्या बाबतीत माझ्या डोक्यात "भारी गाडी घेतली आहे, काळजी नाही" हे वाक्य इतके पक्के बसले होते की दुसरा विचार आलाच नाही. तीन महिने ती अंथरुणात आणि पट्ट्यात होती. उंची बोट-दीड बोट कमी झाली ती झालीच.

पुढे आमच्या गावातल्या एका जुन्या मिस्त्रीने मला यातले मर्म समजावले. पिकअपच्या मागच्या पाट्यांकडे बोट दाखवून तो म्हणाला, "साहेब, हे दीड टनासाठी बनवलंय. दीड टन टाका, मग ते लवतंय. रिकामं असलं की ते पाटा नाही, नुसता लोखंडी ओंडका." म्हणजे असे, की भार असेल तर स्प्रिंग दबते आणि रस्त्याचा धक्का स्वतः पिते. भार नसेल तर ती दबतच नाही. चाक उडाले की हौदा उडतो, हौदा उडाला की माणूस उडतो, आणि मग सारे वजन बुडावर घेऊन खाली आपटतो. त्यातही मागच्या चाकांच्या आसाच्या पलीकडे, फाळक्यापाशी बसलेला माणूस सर्वांत जास्त उडतो. मुलांच्या झुलत्या फळीचे टोक जसे मधल्या भागापेक्षा जास्त वर जाते, तसे. केबिनमधल्या मला हिसका आणि आईला फ्रॅक्चर, याचे कारण एवढेच. शिवाय रिकामी गाडी चालकाच्या हाती हलकी लागते, म्हणून ती वेगातही जाते.

तरुण मणका हा मार सोसतो. साठीनंतर, विशेषतः पाळी जाऊन बरीच वर्षे झालेल्या स्त्रियांत, हाडांतील चुन्याची घनता घटलेली असते. बाहेरून काही दिसत नाही, दुखत नाही. ज्यांना दीर्घकाळ स्टिरॉइडच्या गोळ्या घ्याव्या लागल्या आहेत, ज्यांचे मनगट किंवा खुबा पूर्वी साध्या पडण्याने मोडला आहे, ज्यांची पाठ हळूहळू वाकत चालली आहे, त्यांची हाडे अशी असण्याचा संभव फार. प्रवासानंतर अशा व्यक्तीला उठता-बसता, कूस बदलताना पाठीत कळ येत असेल, मणक्यावर हलके ठोकले असता एका ठिकाणी दुखत असेल, तर त्याला उसण म्हणू नका, मालीश करू नका, एक्स-रे काढा. पायांत मुंग्या किंवा बधिरपणा आला, पायांतील शक्ती गेली, लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, तर एक्स-रेसाठी सकाळची वाट पाहू नये, त्याच रात्री मोठे रुग्णालय गाठावे.

म्हणजे हलकी गाडी भरल्यावर धोक्याची आणि भारी गाडी रिकामी असताना धोक्याची. हे मला मणका मोडल्यावर कळले. पण हे कोडे केवळ आमच्या वाटेवरचे नाही, हे त्याहूनही उशिरा कळले.

माझा एक पुतण्या अमेरिकेत टेक्सासला असतो. तिकडे पुष्कळ कुटुंबांकडे चाकांवरचे घर असते. स्वयंपाकघर, संडास, पलंग असलेला बंद डबा. तो पिकअपच्या मागे अडकवायचा आणि सुटीत जंगला-डोंगरांत जाऊन राहायचे. पुतण्याने असे घर घेतले आणि ते ओढायला हलकी पिकअप घ्यावी की भारी, यावर त्याचे महिनाभर डोके चालले होते. फोनवर त्याने मला जे सांगितले ते ऐकून मी थक्क झालो; आमचा मिस्त्रीच इंग्रजीतून बोलत होता म्हणा ना.

तो म्हणाला, जाहिरातीत गाडी किती ओढू शकते ते मोठ्या अक्षरांत असते; पण गाडी पाठीवर किती घेऊ शकते, तो आकडा चालकाच्या दाराच्या आतल्या खांबावर एका चिठ्ठीवर बारीक छापलेला असतो, आणि खरे तोच संपतो. मागच्या घराचे वजन २७०० किलो धरा. त्याचा दहा ते पंधरा टक्के भार, म्हणजे २७० ते ४०० किलो, जोडाच्या हुकावर आणि हुकावरून गाडीच्या पाठीवर येतो. हलक्या पिकअपची पाठ सातशे किलोची असेल आणि आत आई-वडील, बायको, मुले, सामान मिळून तीन-साडेतीनशे किलो झाले, तर ओढण्याची ताकद शिल्लक असूनही पाठ भरलेली असते. मग गाडीचे तोंड उचलले जाते, पुढची चाके रस्ता नीट धरीत नाहीत, आणि उतारावर मागचे घर पुढच्या गाडीला ढकलू लागते. हुकावर दहा टक्क्यांहून कमी भार ठेवला तर ते घर सापाच्या शेपटीसारखे डावी-उजवीकडे झुलू लागते. असे सगळे पाहून त्याने भारी पिकअप घेतली.

त्यानंतर वर्षभराने माझ्या वहिनी तेथे राहायला गेल्या. त्यांची तक्रार वेगळीच. घर ओढून न्यायचे ते वर्षातून चार आठवडे. उरलेले अठ्ठेचाळीस आठवडे तीच गाडी रिकामी फिरते. भाजी आणायला तीच, गुडघ्याच्या डॉक्टरकडे न्यायला तीच. "चढायला पायरी मांडीएवढी उंच, आणि प्रत्येक खड्ड्यात दात वाजतात," असे त्या म्हणाल्या. पुतण्याने अखेर आई-वडिलांसाठी जुनी साधी मोटार घेतली. मला वाटते, गाडी निवडताना हा हिशेब कोणी करीत नाही. वर्षातून एकदा उचलायच्या ओझ्याकडे पाहून आपण गाडी घेतो आणि रोज बसणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला त्या ओझ्याच्या जागी बसवतो.

आपल्याकडे दाराच्या खांबावर चिठ्ठी शोधण्याची गरज नाही. गाडीच्या नोंदणी पुस्तकात, ज्याला आपण आरसी म्हणतो, रिकाम्या गाडीचे वजन आणि भारासह कमाल वजन असे दोन आकडे असतात. दुसऱ्यातून पहिले वजा करा. उरेल ती गाडीची पाठ. चालक आणि केबिनमधली माणसेही त्यातच धरायची. दोनशे लिटरचा पाण्याचा ड्रम भरला की दोनशे किलो गेले, हे यात्रेला निघताना कोणाच्या ध्यानात येत नाही.

आणि एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे, कारण अकरा वर्षांपूर्वी मी स्वतः तिच्याकडे डोळेझाक केली. मालवाहू वाहनाच्या हौद्यात यात्रेकरू बसवून नेण्यास कायद्याची परवानगी नाही. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतही नाही. असा प्रवासी जखमी झाला तर विमा कंपनीवर भरपाईचे बंधन येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेले आहे. तेव्हा "हलकी की भारी" हा प्रश्न सामानापुरताच आहे. सामानासाठी माझे मत भारी गाडीकडे आहे, आणि तीही काठोकाठ न भरता. वृद्धांसाठी उत्तर दोन्हींपैकी कोणतेच नाही.

हे मत गेल्या वर्षी मला एका कुटुंबाच्या गळी उतरवावे लागले. ज्यांना न्यायचे होते त्यांना आपण आबाच म्हणू. वय एक्याऐंशी. हृदयाचे स्नायू दुबळे झालेले, त्यासाठी लघवी वाढविणारी गोळी चालू, प्रोस्टेटचा त्रास, दोन्ही गुडघे झिजलेले. वयाच्या दहाव्या वर्षापासून माळेगाव चुकवलेले नव्हते, मधली दोन वर्षे सोडून. आबांची मागणी एकच: "ट्रॉलीत निजायचं. घोड्यांच्या टापा ऐकत निजायचं. मग काय व्हायचं ते होऊ दे." मुलगा म्हणाला, "मोटार तीन दिवस उभी ठेवायची म्हणजे भाडं किती होतंय, साहेब?" मी म्हटले, तीन दिवस कशाला? सोडायला एकदा आणि आणायला एकदा. मधले दिवस ते ट्रॉलीतच राहतील. उभ्या ट्रॉलीने कोणाचा मणका मोडत नाही.

ट्रॉली एक दिवस आधी, उजेडात, दोन तरण्या पोरांबरोबर पाठवली. भरताना मी मुद्दाम जाऊन उभा राहिलो. (डॉक्टर कडबा भरताना पाहायला आले म्हणून शेजारी जमले होते.) पोरांनी ड्रम सगळ्यात मागे, फाळक्यापाशी ठेवला होता, पाणी काढायला सोपे म्हणून. तो आसाच्या किंचित पुढे घेतला. दोन चाकांच्या ट्रॉलीत जड वस्तू मागे गेली की हूक वर उचलला जातो, ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवरचा भार कमी होतो आणि ट्रॉली झुलू लागते. सगळेच पुढे लोटले तर चढावर ट्रॅक्टरचे तोंड उचलते. थोडेसे पुढे जड, हे टेक्सासचे शहाणपण चाकूरलाही लागू पडले. मागच्या बाजूस लाल रेडियमच्या पट्ट्या चिकटवल्या. डिसेंबर-जानेवारीत याच रस्त्यावर उसाने लादलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रात्रभर चालतात, आणि बिनदिव्याच्या ट्रॉलीवर मागून आदळलेल्या मोटारसायकलींची जखमी मंडळी माझ्या दवाखान्यातच प्रथम येतात.

आबा दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला, ऊन चांगले वर आल्यावर, मोटारीच्या पुढच्या सीटवर बसून निघाले. सीट थोडी मागे कललेली, कमरेमागे दुमडलेला टॉवेल, पट्टा लावलेला. मी आणि मुलगा मागे. पहाटेचा प्रवास मुद्दामच टाळला. आमच्याकडे मार्गशीर्षात पहाटे बोचरी थंडी असते, आणि गार वाऱ्याने रक्तवाहिन्या आकसून रक्तदाब वाढतो, दुबळ्या हृदयाला ते भोवते.

लघवीच्या गोळीचा प्रश्न निघालाच. पुष्कळ वृद्ध प्रवासाच्या दिवशी ती गोळी आणि पाणी दोन्ही बंद करतात. कोणाला सांगतही नाहीत. मग एकीकडे पायांना सूज आणि धाप, नाहीतर दुसरीकडे शरीर कोरडे पडून भोवळ. ही गोळी घेतल्यानंतर तासाभरात लघवी सुरू होते आणि पाच-सहा तास तिचा अंमल राहतो. म्हणून आबांना मी ती सकाळी न देता पोहोचल्यावर दिली. आपल्या घरच्या रुग्णाची वेळ आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवावी. मनाने बदलू नये, आणि बंद तर मुळीच करू नये. वाटेत अहमदपूरला एकदा थांबलो. आबांनी चहा घेतला आणि माझ्या देखत अर्धी वाटी साखर ढवळून मला म्हणाले, "तुम्ही पलीकडं बघा."

माळेगावात पोहोचल्यावर खरी परीक्षा ट्रॉलीत चढण्याची. प्रवासाचे पुष्कळ अपघात गाडी उभी असतानाच होतात. ट्रॉलीचा तळ कमरेएवढा उंच. घाईत पोरे म्हाताऱ्या माणसाला काखेत हात घालून वर ओढतात, त्याने खांदा दुखावतो. उतरताना उडी मारली की खुबा जातो. आम्ही दोन स्टुले नेली होती, एक उंच आणि एक बुटके, ती शेजारी शेजारी ठेवून पायऱ्या केल्या. कमानीच्या बांबूला धरायला जाड दोर बांधला. चढताना बरा पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. रात्री लघवीला खाली उतरायचे नाही, म्हणून झाकणाचे भांडे आतच ठेवले. पहिल्या रात्री आबांनी ते वापरायला साफ नकार दिला. दुसऱ्या रात्री वापरले.

पालखीच्या दिवशी गर्दी इतकी होती की आबांना देवळापर्यंत नेणे मला शहाणपणाचे वाटले नाही. त्यांनी ट्रॉलीतूनच, कडब्यावर मांडी घालून, पालखी जाईल त्या दिशेने हात जोडले. "येळकोट येळकोट जय मल्हार"चा घोष लांबून येत होता. सुनेने आणलेला भंडारा त्यांनी आधी ट्रॅक्टरच्या बोनेटला लावला, मग स्वतःच्या कपाळाला. रात्री ताडपत्रीच्या फटीतून घोड्यांच्या बाजारातले दिवे दिसत होते. आबा पडल्या पडल्या बोलत होते. कोणत्या साली कोणता बैल आणला, कोणता विकला, कोणत्या बैलाने वाटेत बसकण मारली. बैलगाडीला स्प्रिंग नसायची, मी म्हणालो. "पण ती पळायची बी नाही," ते म्हणाले.

अमावस्येला दुपारी मोटार आली आणि ते परतले. शेतातल्या कोपीत येळवशीची आंबील त्यांच्यासाठी राखून ठेवलेली होती. ताकातली, मीठ घातलेली. मी अर्ध्या पेल्यावर हात आडवा धरला.

कधीकधी मात्र दारात पिकअपशिवाय काही नसते, आणि माणूस आजारी असतो. प्रथम १०८ क्रमांकावर फोन करावा. रुग्णवाहिका येण्यास किती वेळ लागेल ते विचारावे. थांबणे शक्यच नसेल आणि रुग्ण बसू शकत असेल, तर त्याला केबिनमध्येच बसवावे. आडवेच न्यावे लागणार असेल, तर गादी हौद्यात अगदी पुढे, केबिनच्या भिंतीला लागून घालावी. आसाच्या मागे कधीही नाही. रिकाम्या पिकअपमध्ये आसावर धान्याची पाच-सहा पोती नीट बांधून टाकली की पाटे दबतात आणि गाडी बसते. आमचे चालक हे जाणतात, सांगितले की करतात. शेजारी एकाने बसून रुग्णाला धरावे, आणि चालकाला प्रत्येक गतिरोधकावर गाडी जवळजवळ थांबवायला सांगावे. ही अडचणीच्या वेळची तडजोड आहे, प्रवासाची रीत नव्हे.

परतल्यावर संध्याकाळी ही सारी हकीगत मी आईला सांगत होतो. ती आता त्र्याऐंशीची आहे. पाठ वाकलेली, हाडांसाठीचे औषध चालू, घरात काठीने फिरते. माळेगावचे नाव अकरा वर्षांत तिने माझ्यापुढे काढले नव्हते. तिने सगळे ऐकून घेतले. आबांनी भांडे वापरले की नाही, तेही विचारले. मग काठी बाजूला ठेवून म्हणाली, "ती दोन स्टुलं किती उंच होती रे?"

बुटके नऊ इंच आणि दुसरे दीड फूट, मी सांगितले. तिने हाताने जमिनीपासून माप घेऊन पाहिले.